हूक नॉर्टनचा सातू आणि आमचा चिन्नोर

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यात इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यातील हूक नॉर्टन या खेड्यात, सव्वाशे वर्षे जुन्या एका सहामजली इमारतीत उभा असताना, आम्हांला माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी माझ्या तळहातावर सातूचे दहा-वीस दाणे ठेवले आणि ते चावून पाहायला सांगितले. सातू म्हणजे जव. दाणा ओळखीचा होता, चव मात्र अनोळखी निघाली. कच्चा सातू दाताखाली खड्यासारखा लागतो. हा दाणा फुटाण्यासारखा कुरकुरीत फुटला, आधी भाकरीच्या खरपूस पापुद्र्याची आणि मागाहून गुळाच्या पाण्याची मंद चव जिभेवर उतरली. उरलेले दाणे मी उलटसुलट करून पाहिले. टोकाशी बारीकशी मुळे तुटल्याची खूण होती. दाण्याला मोड आणून मग तो वाळवलेला होता. ही इमारत दारूची असली तरी तिच्यात मला पाहण्यासारखे पुष्कळ आहे, हे तेव्हा लक्षात आले आणि पुढचे दोन तास मी धान्याच्या मागोमाग जिना उतरत गेलो.

मी राज्याच्या कृषी खात्यात चौतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर आणि साकोली तालुक्यांत घालवली. हा सगळा धानाचा मुलूख. मृग लागला की पऱ्हे टाकायचे, आषाढात चिखल करून रोवणी करायची, आणि दिवाळीच्या मागेपुढे कापणी. गावाचे पंचांगच मुळी धानावर चालते. लेक आणि जावईबापू बॅनबरी या गावी राहतात म्हणून मी आणि माझी पत्नी तीन महिन्यांसाठी तिकडे गेलो होतो. मला तिथली राजवाडे-संग्रहालये पाहण्याची फारशी ओढ नव्हती. गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना पिकलेला सातू दिसत होता, ओंब्या लवलेल्या, कुसळे उन्हात चमकणारी. आणि हे सगळे पीक शेवटी जाते कुठे, असे मी जावईबापूंना विचारले. त्यांनी थोडा संकोच करून सांगितले, ‘‘बाबा, बरेचसे जनावरांच्या खाद्याला जाते. चांगले असेल ते माल्टला, म्हणजे मोड आणून बिअर करायला जाते. पाहायचे असेल तर बारा-तेरा किलोमीटरवर एक जुनी ब्रूअरी, बिअरचा कारखाना, आहे.’’

संकोचाचे कारण उघड होते. आमच्या घरात दारूला थारा नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती कोणी वरून लादलेली नाही, गावोगावच्या बायांनी आणि कार्यकर्त्यांनी झगडून मिळवलेली आहे. आमच्या बाजूला तशी बंदी नाही आणि त्याचे परिणाम मी नोकरीत असताना दारोदार पाहिले आहेत. धान विकून आलेले पैसे घरी पोचण्याआधी संपलेले पाहिले आहेत. त्यामुळे पत्नीने जाण्याआधी मला एकच प्रश्न विचारला, ‘‘सोन्यासारखे धान्य सडवून दारू करतात, ते काय पाहायचे?’’ तिचा प्रश्न मी तेव्हाही खोडून काढला नाही आणि आजही काढणार नाही. हे लिहिण्यामागे कोणाला पिण्याकडे वळवण्याचा हेतू नाही. एका लहानशा धंद्याने एका जुन्या बियाण्याला जगवले, ती हकीकत आपल्या धानउत्पादक भागातल्या लोकांना सांगावी, एवढेच मनात आहे.

हूक नॉर्टनची ब्रूअरी १८४९ साली जॉन हॅरिस नावाच्या शेतकऱ्याने सुरू केली. तो माल्टही तयार करी. आज उभी असलेली इमारत १९०० साली बांधून झाली आणि ती विल्यम ब्रॅडफर्ड या वास्तुविशारदाने आखली. तिचा आकार मनोऱ्यासारखा आहे, आणि त्यामागचे कारण समजले तेव्हा मला आमच्या मालगुजारी तलावांची आठवण झाली. तलाव उंचावर, त्याखाली बांध्यांची, म्हणजे धानाच्या खाचरांची, उतरंड. एकदा तलावाचा पाट मोकळा केला की पाणी आपल्या वजनाने या बांधीतून त्या बांधीत उतरत जाते, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी पंप नसताना शेकडो एकर धान असेच भिजवले. या मनोऱ्यातही धान्य आणि पाणी एकदाच वर चढवायचे आणि मग प्रत्येक कृतीनंतर रस आपोआप खालच्या मजल्यावर उतरू द्यायचा, अशी योजना आहे. वर चढवण्याचे काम करणारे वाफेचे इंजिन १८९९ साली बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावाहून आणले होते आणि त्याने शंभराहून अधिक वर्षे काम केले. ब्रूअरी अजून त्याच घराण्याच्या वारसांकडे आहे. जवळपासच्या पबांना पिंपे पोचवण्यासाठी तिथे आजही शायर जातीचे घोडे गाडीला जुंपतात. आम्ही गेलो त्या दिवशी ती जोडी अंगणात उभी होती. खुरांवर पांढऱ्या केसांचे झुबके, आणि उंची अशी की माझा हात कसाबसा पाठीपर्यंत पोचला.

आता मूळ कृतीकडे येतो, कारण तिच्यातले एकेक पाऊल आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. सातू दोनेक दिवस पाण्यात भिजवून, चार-पाच दिवस पसरून त्याला मोड आणतात. जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत तो फरशीवर पसरतात आणि मोडांची गुंतवळ होऊ नये म्हणून दिवसातून अनेकदा दाताळ्याने वरखाली करतात. मोड पुरते फुटण्याच्या बेतात आले की गरम हवेच्या भट्टीत वाळवून ते थांबवतात. हाच माल्ट. बाळाच्या नाचणी सत्त्वासाठी आपण नाचणीला मोड आणून वाळवतो, त्याहून हे निराळे नाही. मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात, ती पिठुळ भागाची साखर करू शकतात. ब्रूअर हा माल्ट भरडून साधारण ६५ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर मुरवतात. पाणी त्याहून फार तापले तर विकरे मरतात, फार निवले तर सुस्तावतात. मुरवण झाले की गोड रस खाली सोडतात आणि उरलेला चोथा गुराढोरांना जातो. त्या दिवशीही एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चोथा भरून न्यायला आलेला होता, आणि पत्नीचा प्रश्न मनात असल्यामुळे मी ती ट्रॉली जरा जास्तच वेळ पाहत राहिलो.

त्या रसात हॉप्स घालून तो तासभर उकळतात. हॉप्स ही वेल. मांडवावर किंवा उंच दोऱ्यांवर चढवलेली, मादी वेलीला शंकूसारखी हिरवी फुले येतात आणि त्यांतल्या पिवळ्या भुकटीत कडूपणा असतो. रामटेककडचे पानमळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना केंट परगण्यातल्या हॉप्सच्या बागांची कल्पना सहज येईल. फगल आणि गोल्डिंग ही तिथली दोन जुनी वाणे. विसाव्या शतकात केंटमध्ये फगलवर मर रोग आला आणि बागाच्या बागा वाळल्या. आपल्या तुरीवरच्या मर रोगाची बुरशी वेगळी, पण शेतकऱ्याची मान खाली घालायला लावण्याची रीत तीच. पंधराव्या शतकाच्या आधी इंग्लंडात एल, म्हणजे तिथली जुन्या धाटणीची बिअर, हॉप्सशिवायच होत असे, आणि ती बहुतकरून घरच्या बायाच करत. हॉप्स समुद्रापलीकडून आले, त्यांच्या कडूपणाने पेय जास्त दिवस टिकू लागले, आणि हळूहळू घरातले काम कारखान्याकडे गेले.

निवलेल्या रसात यीस्ट पडते. हे यीस्ट मागच्या घाण्यावरून काढून ठेवलेले असते. आपण रात्री दुधाला कालच्या दह्याचे विरजण लावतो आणि एखाद्या घरचे विरजण चांगले म्हणून शेजारीण वाटी घेऊन येते, तोच प्रकार. प्रत्येक जुन्या ब्रूअरीचे यीस्ट आपले आपले असते आणि चवीचा मोठा भाग त्यातून येतो. एलचे यीस्ट १५ ते २२ अंशांच्या आसपास काम करते आणि वर फेसाचा जाड थर आणते. थंडीत हळूहळू आंबणाऱ्या लागर बिअरचे यीस्ट निराळे. मी हौदात डोकावलो तेव्हा वर पिवळसर, घडीघडीचा फेस होता आणि आंबलेल्या पिठाचा, पिकलेल्या केळ्याचा असा मिश्र वास येत होता. पोळ्याच्या दिवसांत आई ज्वारीची आंबील करायची, त्या मडक्याचे तोंड उघडल्यावर येणाऱ्या वासाशी त्याचे जवळचे नाते होते.

आठवडाभराने ते पिंपात भरतात. इथे या परंपरेचा खरा विशेष आहे. पिंपातला एल गाळलेला किंवा उकळून मारलेला नसतो. यीस्ट त्यात जिवंत राहते, पिंपातही ते थोडे थोडे आंबत राहते आणि त्यातूनच त्याला हलका फेस येतो, बाहेरून वायू भरावा लागत नाही. गाळ खाली बसावा म्हणून पूर्वापार माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला एक पदार्थ घालतात. बहुतेक पिंपे ९ गॅलनची असतात, त्यांना फर्किन म्हणतात आणि त्यांत ७२ पाइंट, म्हणजे सुमारे ४१ लिटर मावते. पबच्या तळघरात पिंप ११ ते १३ अंशांवर निश्चल ठेवायचे, वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी मारून जादा वायू जाऊ द्यायचा, मग कठीण लाकडाची खुंटी मारून उरलेला राखायचा, गाळ बसेपर्यंत धीर धरायचा, आणि एकदा नळ लावला की साधारण तीन दिवसांत पिंप रिकामे करायचे. त्यानंतर हवा लागून तो आंबट होऊ लागतो. म्हणजे ब्रूअरने कितीही चांगले काम केले तरी शेवटचा हात तळघर सांभाळणाऱ्याचा. हंडीतल्या दह्यासारखा हा माल लांब जाऊ शकत नाही; तो जवळच्याच लोकांनी, ताजा असताना घ्यावा लागतो. लहान ब्रूअरीचे गावाशी नाते टिकून राहते ते या नाशवंतपणामुळे, असे माझे मत झाले.

मी त्या संध्याकाळी अर्धा पाइंट घेतला, हे पत्नीला सांगून आणि तिच्यासमोर घेतला. साडेतीन टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेला साधा बिटर, म्हणजे कडसर एल होता. रंग कोऱ्या चहाचा, गारवा माठातल्या पाण्याइतका. पहिल्या घोटाला कडू, घशाखाली गेल्यावर सकाळच्या त्या दाण्याची गोडी परत आली. एवढेच. अर्ध्यावर मी थांबलो. पण चव ओळखता आली याचे समाधान होते, कारण ती धान्याची चव होती.

ही परंपरा आज सहज टिकून राहिलेली दिसते, तशी ती टिकलेली नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत इंग्लंडातला बहुतेक बिअर-व्यवसाय सहा मोठ्या कंपन्यांच्या हातात गेला होता. त्यांनी गाळलेली, उकळवून टिकाऊ केलेली आणि वायू भरलेली केग बिअर सगळीकडे पुढे आणली, कारण ती लांबवर पाठवता येई आणि तळघरात कोणी जाणता माणूस नसला तरी चालत असे. लहान ब्रूअऱ्या विकत घेतल्या गेल्या, बंद झाल्या. १९७१ साली इंग्लंडातले चार तरुण आयर्लंडला सुटीवर गेले असताना त्यांनी पिंपातला जिवंत एल वाचवण्यासाठी एक संघटना काढली. ती पुढे कॅमरा या नावाने प्रसिद्ध झाली. ब्रूअर मंडळींची ही संघटना नव्हे. पिणाऱ्यांची, म्हणजे गिऱ्हाइकांची आहे, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. माल करणारा ओरडला तर बाजार म्हणतो की तो स्वतःसाठी ओरडतो आहे. घेणाराच जेव्हा म्हणतो की मला अमुकच हवे आणि त्यासाठी मी दोन पैसे अधिक देईन, तेव्हा दुकानदाराला ऐकावे लागते. पुढे २००२ साली सरकारने करातही फरक केला. वर्षाला ५,००० हेक्टोलिटर, म्हणजे ५ लाख लिटरपर्यंत बिअर करणाऱ्या ब्रूअरीला उत्पादन शुल्क निम्मे झाले. २०२३ च्या ऑगस्टपासून ती योजना बदलून लहान उत्पादकांसाठी नवी सवलत आली आहे, पण लहानाला आणि मोठ्याला एकाच काट्याने तोलू नये हे तत्त्व कायम राहिले. आपल्याकडे तालुक्याच्या गावी पाच-सात बायांनी मिळून चालवलेली भातगिरणी आणि शेकडो टनांची राइस मिल यांना वीज, परवाने आणि कागदपत्रे यांचा भार जवळजवळ सारखाच पेलावा लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. माझ्या हातावर ठेवलेल्या दाण्याचे वाण मी विचारले, तेव्हा मला मॅरिस ऑटर हे नाव प्रथम कळले. केंब्रिजजवळच्या ट्रम्पिंग्टन येथे वनस्पती प्रजनन संस्था होती, तिच्या रस्त्याचे नाव मॅरिस लेन, म्हणून तिथे निघालेल्या अनेक वाणांच्या नावात मॅरिस येते. मॅरिस पाइपर हा तिथला बटाटा तर घरोघरी माहीत आहे. मॅरिस ऑटर हा शरद ऋतूत पेरायचा सातू १९६६ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याच वर्षी फिलिपाइन्समधल्या संस्थेने आय.आर.-८ हे धानाचे वाण जगापुढे आणले होते, आणि माझ्या लहानपणी आमच्या बांध्यांत त्याच्या बुटक्या, ताठ लोंब्यांकडे सगळा गाव कौतुकाने पाहत असे. दोन पिकांनी एकाच काळात दोन वेगळ्या वाटा धरल्या, असे मला त्या मनोऱ्यात उभे असताना वाटले. आय.आर.-८ ने पोट भरले, त्याचे उपकार आहेत. मॅरिस ऑटर मात्र अधिक पिकण्यासाठी नावाजले गेले नाही. ते नावाजले गेले ते माल्टसाठी. दाणा समान मोड घेतो, मुरवणात कुरकुर करत नाही, आणि चवीला भाजलेल्या बिस्किटासारखा भरीव असतो.

पुढे अधिक उत्पादन देणारे सातू आले आणि १९८९ साली मॅरिस ऑटर अधिकृत शिफारशीच्या यादीतून वगळले गेले. आमच्या खात्यात याचा अर्थ काय होतो, हे मला पुरते ठाऊक आहे. शिफारस गेली की बीजोत्पादन थांबते, बीजोत्पादन थांबले की घरचे बी वर्षानुवर्षे वापरून त्यात भेसळ होत जाते, आणि पाच-दहा वर्षांत नाव राहते, वाण उरत नाही. मॅरिस ऑटरचे तसे होऊ लागले होते. पण छोट्या ब्रूअऱ्या, विशेषतः पिंपातला एल करणाऱ्या, हा माल्ट नाव घेऊन मागत राहिल्या. त्या मागणीच्या भरवशावर दोन धान्य-व्यापारी पेढ्यांनी १९९० च्या दशकात या वाणाचे बीजोत्पादन आपल्या हाती घेतले, ओंबी-ओंबी निवडून शुद्ध बी पुन्हा उभे केले, आणि शेतकऱ्यांशी करार करून कमी उतारा भरून निघेल असा जास्तीचा भाव दिला. वाण निघाले त्याला आज जवळजवळ साठ वर्षे झाली, आणि त्याची पेरणी अजून चालू आहे.

यात एक बारकावा असा आहे की तो ऐकून मी त्या गृहस्थांना पुन्हा पुन्हा विचारले. माल्टच्या सातूत नत्राचे प्रमाण कमी लागते. एलसाठी दाण्यात ते साधारण १.६५ टक्क्यांच्या आत हवे असते. प्रथिने वाढली की पिठुळ भाग कमी होतो आणि पेय गढूळ होते. म्हणून शेतकरी नत्रखत जपून देतो, उशिरा तर देतच नाही. पोतेभर पीक कमी येईल हे माहीत असूनही. त्याचा दाणा तपासला जातो आणि परीक्षेत उतरला तर त्याला खाद्याच्या सातूपेक्षा वरचा दर मिळतो, नापास झाला तर तोच सातू गुरांच्या खाद्याला स्वस्तात जातो. खताचा हात आखडता घ्या, असे मी चौतीस वर्षे बांधावर सांगत फिरलो. कोणी ऐकले नाही, आणि मी आता त्यांना दोष देत नाही, कारण आखडत्या हाताबद्दल अधिक पैसे देणारे गिऱ्हाईक मी कधीच त्यांच्यापुढे उभे केले नव्हते.

चिन्नोरचे तेच झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: चिन्नोर हे भंडारा भागातले जुने सुवासिक धान आहे. दाणा बारीक; भात शिजू लागले की वाड्याच्या ओसरीपर्यंत वास येतो. पण झाड उंच वाढते, उशिरा निसवते, परतीच्या पावसात लोळते, युरिया जास्त झाला तर हमखास लोळते, आणि एकरी उतारा सुधारित वाणांच्या मानाने कमी. १९९० च्या आसपास मी तरुण कर्मचारी होतो आणि लक्ष्यांक पूर्ण करण्याच्या जोशात शेतकऱ्यांना सुधारित बियाण्याच्या पिशव्या देत होतो. एक म्हातारे शेतकरी, त्यांना आम्ही आबाजी म्हणायचो, मला म्हणाले होते, ‘‘साहेब, तुमचा धान पिकते जी, पण पाहुणा आला तर रांधू काय?’’ मी त्यांना उताऱ्याचा हिशेब मांडून दाखवला. हिशेब बरोबर होता. त्याच वर्षी त्यांनी थोडा चिन्नोर विकायला नेला तर व्यापाऱ्याने तो दुसऱ्या बारीक धानाच्या ढिगात ओतला आणि त्याच दराने पैसे हातावर ठेवले. पुढच्या खरिपात आबाजींनी चिन्नोर सोडला. त्या ढिगात चिन्नोर मिसळताना मी तिथे उभा होतो आणि गप्प राहिलो, ही गोष्ट मला हूक नॉर्टनच्या जिन्यावर आठवली आणि अजून सलते आहे.

नाव टिकवणे किती अवघड असते याचे दुसरे उदाहरण आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलेच आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात पटेल-३ या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या १९८३ मध्ये हेरल्या, वर्षानुवर्षे निवड करत वाण स्थिर केले आणि मनगटी घड्याळाच्या नावावरून त्याला एच.एम.टी. म्हटले गेले. आज देशभर हे नाव तांदळाच्या पोत्यांवर दिसते. दादाजी २०१८ मध्ये गेले; त्यांच्या कष्टाच्या मानाने त्यांच्या पदरात फार थोडे पडले. वाण कोणी राखायचे, त्याची शुद्धता कोणी तपासायची आणि त्याच्या नावाने मिळणाऱ्या अधिक पैशातला वाटा कोणाकडे जायचा, याची रचना त्यांच्यासाठी कोणीच उभी केली नाही. चिन्नोरला आता ‘भंडारा चिन्नोर’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण मानांकन हे घराच्या दारावरच्या पाटीसारखे असते. त्या दाराशी पाटी वाचून येणारा माणूस हवा.

बॅनबरीला असतानाच आणखी एक प्रसंग घडला. घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांसाठी माल्ट विकणारे एक दुकान तिथे होते, तिथून मी किलोभर मॅरिस ऑटरचा माल्ट आणला. पत्नीने पिशवी उघडली, वास घेतला, दोन दाणे तोंडात टाकले आणि काही न बोलता मिक्सरमध्ये त्याची भरड काढली. रात्री ती ताकात भिजवली, सकाळी मीठ-जिरे घालून मंद आचेवर घोटली. आंबील झाली. ज्वारीच्या आंबिलीपेक्षा गोड, सालपटे थोडी दाताखाली येणारी, पण अंगात उतरणारी. तिने लेकीला वाटी भरून दिली आणि मला म्हणाली, ‘‘धान्य चांगले आहे. राखण्यासारखे आहे.’’ इतक्या दिवसांत तिने त्या विषयावर काढलेले हे पहिले चांगले वाक्य होते. उरलेला माल्ट आम्ही भारतात आणला नाही. दुसऱ्या देशातून धान्य-बियाणे आणण्याचे नियम मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो आहे.

परत आल्यावर गावात चावडीजवळ बसलेल्यांनी तिकडच्या शेतीची चौकशी केली. ‘‘तिकडे भाव भेटते काय जी शेतकऱ्याले?’’ हा पहिला प्रश्न. मी मॅरिस ऑटरची हकीकत सांगितली. दारू म्हटल्यावर एक-दोघे हसले, पण नत्राचा आणि जास्तीच्या भावाचा मुद्दा आला तसे ते पुढे सरकून बसले. तिघेजण म्हणाले की चिन्नोर लावायला आम्ही तयार आहोत, फक्त ढिगात ओतू नका. त्या वाक्यावर मी पुढची कामे केली. नागपूरच्या काही ओळखीच्या कुटुंबांना पत्रे लिहिली, फोन केले, आणि प्रत्येकाकडून रोवणीच्या आधीच सांगून घेतले की किती पायली तांदूळ, कोणत्या दराने, आणि चिन्नोर याच नावाने घेणार. सतरा कुटुंबे मिळाली. संख्या लहान आहे. तीन शेतकऱ्यांच्या मिळून सात बांध्यांना मात्र ती पुरली.

यंदाच्या खरिपात त्या सात बांध्यांत युरिया एकदाच आणि तोही निम्मा दिला. पीक शेजारच्या बांधीपेक्षा फिके दिसत होते म्हणून एक जण घाबरून दोनदा माझ्याकडे आला. परतीच्या पावसात दोन बांध्यांतला धान कोपऱ्यात लोळला, बाकीचा उभा राहिला. निसवल्यानंतर आम्ही चौघे सकाळी दव असतानाच बांधीत उतरत होतो, ओळीओळीने चालत, उंचीला वेगळा, रंगाला वेगळा, कुसळाचा दिसला तो प्रत्येक बूड उपटून बांधावर टाकत होतो. पहिल्या दिवशी उपटलेल्या बुडांचा भारा झाला. इतकी भेसळ त्या बियाण्यात शिरली होती. चौथ्या फेरीला हातात पाच-सहाच बुडे आली. मधल्या बांधीच्या ऐन मध्यातून, कडेची दोन हात जागा सोडून, आम्ही बियाण्यासाठी लोंब्या हाताने खुडल्या, वेगळ्या चुरल्या, तीन उन्हे दिली. अडीच पायली निघाले. कडुनिंबाचा वाळलेला पाला खाली-वर घालून पत्नीने ते मातीच्या दोन मडक्यांत भरले, तोंडाला शेणमातीने लिंपले आणि कोळशाने त्यावर वाणाचे नाव आणि साल लिहिले.